भरतीचं पळणं : बूट कसला घ्यायचा अन् पळायचं कुठं?

बीड : पोलीस भरतीची चाहूल लागली की जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी बुटाच्या दुकानांत गर्दी वाढते. ‘पळायचा बूट दाखवा’ एवढंच पोरं सांगतात. दुकानदारही मग जो माल पडून आहे तोच पुढे करतो. थोडा घट्ट वाटला तर ‘चार दिवसांत सैल होईल’ म्हणतो. महिनाभराने पोरगा नडगी धरून बसतो. तेव्हा बुटाला दोष द्यायचा, रस्त्याला द्यायचा की स्वतःच्या घाईला, हेच कळत नाही. बहुतेक वेळा तिघांचाही थोडा थोडा वाटा असतो.

आधी हिशोब समजून घेऊ. शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलींनी ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत पूर्ण केलं की पूर्ण २० गुण मिळतात. मैदानीत किमान निम्मे गुण लागतातच, त्यानंतर रिक्त जागांच्या दहापट उमेदवारच लेखीला बोलावले जातात. म्हणजे दहा-बारा सेकंदांवर माणूस आत की बाहेर हे ठरू शकतं. राज्य राखीव दलाला मुलांना ५ किलोमीटर पळावं लागतं. तिकडं तर पायाची हयगय अजिबातच चालत नाही.

पळायचा बूट म्हणजे नेमका कोणता?

दुकानात ‘स्पोर्ट शूज’ नावाखाली सगळंच विकलं जातं. पण कबड्डी-बॅडमिंटनचा बूट आडव्या हालचालीसाठी केलेला असतो, त्याचा तळ सपाट आणि कडक असतो. शाळेच्या पीटीचा पांढरा कॅनव्हास बूट म्हणजे रबराच्या पत्र्यावर शिवलेलं कापड, त्यात धक्का झेलणारं काहीच नसतं. कॉलेजात घालायचे जाड पांढरे स्नीकर दिसायला भारी, पण वजनाला जड. पळायच्या बुटाला वर हवेशीर जाळी असते, मध्ये फोमचा थर असतो, खाली झिजू नये म्हणून रबर असतं आणि टाच धरून ठेवणारी कडक वाटी असते.

दुकानात उभ्या उभ्या करायच्या चाचण्या सोप्या आहेत. बूट हातात घेऊन पुढचा भाग वाकवा. जिथं पायाची बोटं वाकतात तिथंच तो वाकला पाहिजे. मधोमध वाकत असेल तर परत ठेवून द्या. टाचेची वाटी दोन बोटांनी दाबा, ती पत्त्यासारखी दबली तर पळताना टाच डगडगणार. ओला टॉवेल पिळतो तसा बूट हलका पिळून बघा, थोडा पिळ बसला तर ठीक, पण सगळाच गोल फिरला तर आत काहीच आधार नाही. शेवटी अंगठ्याने बाजूचा फोम दाबा. दाबल्यावर दबून परत वर यावा. लाकडासारखा कडक लागला तर तो फोम नाही, फोमचा देखावा आहे. मोठ्या कंपन्यांच्या नावाने ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जो माल बाजारात येतो, त्यात बहुतेक वेळा हीच गोम असते. चिन्ह हुबेहूब, रंग झकास, आतला थर मात्र कडक आणि तळ नुसता गोंदाने चिकटवलेला. पहिल्या पावसात तोंड उघडतं.

आता मापाचं. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. बूट सायंकाळी घ्यावा, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो आणि पळतानाही तो फुगतोच. पळताना जे मोजे घालणार तेच घालून माप घ्यावं. दोन्ही पायांत घालून बघावा, कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असणं अगदी सामान्य आहे. बूट मोठ्या पायाला बसेल असा घ्यायचा. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. ही जागा नसली की उतारावर बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात.

लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेवर रानात फिरलेल्यांचा पंजा पुढून रुंद असतो. अशा पायाला निमुळत्या तोंडाचा बूट करंगळीजवळ चावतो. तो ‘सैल होईल’ या आशेवर घेऊ नये. जाळी थोडी सैल होते, बुटाचा साचा बदलत नाही. एक नंबर मोठा घेऊनही भागत नाही, मग टाच आत वर-खाली होते. रुंद साच्याचाच बूट शोधावा. टाच थोडीच हलत असेल तर लेस शेवटच्या, वरच्या भोकातून ओवून बांधली की पुष्कळ फरक पडतो. बऱ्याच जणांचं ते भोक आयुष्यभर रिकामंच राहतं.

मुलींची अडचण वेगळी. तालुक्याच्या ठिकाणी मुलींच्या मापाचे पळायचे बूट ठेवणारी दुकानं थोडी. ठेवलेच तर गुलाबी रंगाचे आणि फिरायला जायचे. अशा वेळी मुलांच्या बुटांतला लहान नंबर सरळ घ्यावा. आपल्याकडे खोक्यावर जो यूके नंबर असतो तो मुलामुलींसाठी सारखाच असतो, अमेरिकन नंबर मात्र वेगळे असतात. गोंधळ टाळायचा तर कागदावर पाय ठेवून टाचेपासून लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून न्यावं. ऑनलाइन मागवताना तर हे करावंच. आणि आलेला बूट आधी घरातल्या स्वच्छ फरशीवर घालून बघावा, तळाला माती लागली की परत घ्यायला कुरकुर होते.

पैशांचं काय? सेगा, निव्हियासारख्या देशी कंपन्यांचे हलके बूट तुलनेने स्वस्त पडतात आणि भरतीची बरीच पोरं त्यावरच पळतात. त्यांचा फोम पातळ असतो. १६०० मीटर जोरात मारायला ते चांगले, पण रोज डांबरावर आठ-दहा किलोमीटर पळणाऱ्याने त्यावर विसंबू नये. रोजच्या सरावाला थोडा जाड फोमचा, साधा, कुठलाही झगमगाट नसलेला बूट बरा. कार्बनच्या पट्टीचे महागडे बूट मॅरेथॉनवाल्यांचे, भरतीच्या पोराने त्याच्या नादी लागायचं कारण नाही. प्रोटीनच्या डब्यावर जितका खर्च होतो तितक्यात अनेकदा दुसरा जोड येतो, आणि दोन जोड आलटून पालटून वापरणं हा जास्त शहाणा खर्च आहे.

आजकाल पायाची कमान बघून बूट द्यायची फॅशन आली आहे. ओला पाय फरशीवर उमटवून ‘तुमचा पाय सपाट, हाच बूट घ्या’ असं सांगतात. अमेरिकेच्या सैन्यातल्या नव्या भरती झालेल्यांवर याच पद्धतीने बूट वाटून बघण्याचे अभ्यास झाले, त्यात दुखापती काही कमी झाल्या नाहीत. त्यापेक्षा दुकानातल्या दुकानात, नाहीतर समोरच्या रस्त्यावर दहा-वीस पावलं पळून बघा. ज्या बुटात पाय विसरायला होतो तो आपला. अर्थात तळवा खरोखरच सपाट असेल तर सैन्य भरतीच्या वैद्यकीय तपासणीत तो अडू शकतो. ती बाब बुटाच्या दुकानात नाही, डॉक्टरकडे आधीच दाखवून घ्यायची.

पळायच्या बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात. रोज सहा किलोमीटर, आठवड्यात सहा दिवस, म्हणजे महिन्याला दीडशेच्या आसपास. चार-पाच महिन्यांत बूट संपला. वरून तो नवा दिसतो, म्हणून पोरं वर्षभर ओढतात. फोमच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्या, टाच एका अंगाला झिजली की समजावं. तोच बूट गाडीला किक मारायला, रानात पाणी द्यायला आणि चुलत्याच्या पोराच्या लग्नाला घातला तर हे आयुष्य आणखी कमी होतं. पावसात भिजला तर आत रद्दीचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की गोंद सुटतो.

अनवाणी पळावं का, हा प्रश्न गावाकडे हमखास निघतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच पळायची आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १० हजार मीटरला कांस्य मिळवलं, हे खरं आहे. पण ज्याला सवय आहे त्याचीच ती गोष्ट. वर्षभर बूट घालणाऱ्याने अचानक बूट काढले तर पोटरी आणि टाचेची शीर बोलायला लागते. शिवाय आपल्याकडच्या मैदानांवर सराटे, बाभळीचे काटे आणि बाटल्यांच्या काचा कमी नाहीत. याच्या उलटंही लक्षात ठेवावं. अनवाणी सराव करून भरतीच्या दिवशी नवा कोरा बूट घालणं म्हणजे फोडांना आवतण. नवा जोड किमान दोन-तीन आठवडे पायात मुरलेला हवा. स्पाइक चालणार की नाही, हे त्या त्या ठिकाणच्या सूचनेत वाचून घ्यावं, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

जमीन बघून पाय टाका

बीड जिल्ह्यात पायाखालची जमीन तालुक्यागणिक बदलते. आष्टी, पाटोदा, केज, धारूरचा बराच भाग बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, तिथं मुरमाड माळ मुबलक. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावकडे काळी चिकण माती. पळायला मुरूम सोन्यासारखा. दबलेला मुरूम धक्का थोडा झेलतो, पाणी धरत नाही, पावसानंतर दुसऱ्या दिवशी पळता येतं. काळ्या मातीचं मात्र उलट. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. त्या भेगेत पाय गेला की घोटा गेलाच. काळ्या रानाच्या गावांनी मैदानाच्या पट्टीवर दोन-चार ट्रॉली मुरूम टाकून रोलर फिरवून घेतला तर पोरांचं मोठं काम होईल, आणि त्याला फार पैसाही लागत नाही.

सगळ्यात कडक म्हणजे सिमेंटचा रस्ता. गल्लोगल्ली सिमेंट झालं ते बरंच झालं, पण रोजच्या पळण्याला ते नको. डांबर त्यापेक्षा थोडं बरं. डांबरी रस्ता पाणी निघून जावं म्हणून मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेने पळालं की एक पाय कायम खाली पडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. पोरांना ते गूढ वाटतं, कारण दुखतो तो एकच पाय.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी सहा किलोमीटर चालत-पळत जायचा. सैन्यात गेल्यावर तो शर्यतीत उतरला, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य मिळवलं आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याच्या गावाकडं काही सिंथेटिक ट्रॅक नव्हता. याचा अर्थ ट्रॅक नको असा नाही. माळ आणि कच्चा रस्ता पाया घडवायला पुरतो, एवढाच.

हायवेवर नको म्हणजे नकोच

जानेवारी २०२५ मध्ये बीड-परळी रस्त्यावर घोडका राजुरीजवळ पहाटे भरतीचा सराव करणाऱ्या तीन तरुणांचा बसखाली सापडून जीव गेला. जिल्हा हळहळला, दोन दिवस चर्चा झाली. आजही पहाटे साडेपाचला राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला पोरांचे घोळके दिसतातच. रस्ता सपाट, गुळगुळीत, किलोमीटरचे दगड आयते, म्हणून मोह होतो. त्याच रस्त्यावर रात्रभर गाडी चालवून डुलकी लागलेला ड्रायव्हर येतो. ऊस हंगामात, दिवाळीपासून मार्चपर्यंत, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागच्या लाईटशिवाय जातात आणि त्यांना चुकवताना मागची गाडी थेट कडेला येते. तिथं चांगला बूट काहीच कामाचा नाही.

जवळपास दुसरा पर्याय नसेल, गल्लीतून मैदानापर्यंत तेवढाच रस्ता असेल, तर काही गोष्टी पाळाव्यात. रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळावं. एकामागे एक, तिघं शेजारी शेजारी नाही. कानात हेडफोन नको. अंगात पांढरा किंवा पिवळा टी-शर्ट, पाठीवर आणि टाचेवर रेडियमची पट्टी. गाड्यांचं काम करणाऱ्या कुठल्याही दुकानात ती थोड्या पैशांत मिळते. आणि उजाडल्याशिवाय निघू नये. अर्धा तास उशिरा पळाल्याने कुणाची भरती हुकत नाही.

मग पळायचं कुठं? पहिली जागा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान. मुख्याध्यापक आणि सरपंचांना विचारून शाळा भरायच्या आधी वापरायला मिळालं तर उत्तम. आठवडी बाजाराची जागा बाजाराचा दिवस सोडून मोकळी असते, पण तिथं काचा आणि खिळे बघून घ्यावेत. गेवराई-माजलगाव भागात पैठणच्या उजव्या कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता लांब पळायला चांगला, सपाट आणि कमी वर्दळीचा. मात्र पाणी सुटलेलं असताना अंधारात कडेला जाऊ नये. पाणंद आणि शिवरस्ते बरे, पावसाळ्यात गवत वाढलं की तिथं साप-विंचवाची भीती, त्या दिवसांत टाळावेत. अहिल्यानगर-बीड रेल्वेचा भराव सपाट दिसतो म्हणून त्यावर पळायचा मोह होईल. त्या मार्गावर आता गाडी धावते, तिकडे फिरकू नये.

मुलींसाठी जागा निवडताना एकच कसोटी पुरे : तिथं हाक मारली तर ऐकायला माणूस आहे का? निर्जन कालव्यापेक्षा वस्तीजवळची लहान मैदानाची पट्टी केव्हाही चांगली. चौघी-पाचजणी ठरलेल्या वेळी एकत्र निघाल्या तर घरच्यांचीही कुरकुर कमी होते.

मैदान मिळालं की ते मोजून घ्यावं. मोबाइलवरचं अंतर छोट्या गोल फेरीत हमखास चुकतं आणि पोरगा १५०० मीटरला १६०० समजून खूष राहतो. खरी फजिती मग भरतीच्या दिवशी होते. टेप, दोन खुंट्या, दोरी आणि फक्की एवढ्यावर ट्रॅक आखता येतो. २०० मीटरच्या फेरीसाठी ५० मीटरच्या दोन समांतर सरळ रेषा आणि दोन्ही टोकांना १५ मीटर ९२ सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धगोल. दोन्ही सरळ रेषांमधलं अंतर या त्रिज्येच्या दुप्पट. जागा लागते साधारण ८२ बाय ३२ मीटर, म्हणजे २६ गुंठे. त्याच्या आठ फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, चार फेऱ्या म्हणजे मुलींचे ८००. जागा मोठी असेल तर १०० मीटरच्या सरळ रेषा आणि ३१ मीटर ८३ सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धगोल, की ४०० मीटरचा ट्रॅक झाला. त्याला अडीच एकरांपेक्षा थोडी जास्त जागा लागते, पण १०० मीटरचा सरावही त्यातच होतो. फेरी डाव्या हाताला वळत मारायची. ४०० च्या ट्रॅकवर मुलांची प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत आणि मुलींची ८५ सेकंदांत बसली की पूर्ण गुणांचा वेग सापडला. २०० मीटरच्या ट्रॅकला वळणं तंग असतात, तिथं वेळ थोडा जास्तच येतो, त्याने खचून जाऊ नये.

दुखणं आणि ऊन

जाहिरात आली की दोन किलोमीटरवरून एकदम दहावर जाणं हे नडगी दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण. नडगीच्या आतल्या बाजूने लांबवर दुखत असेल तर अंतर निम्मं करून मुरमावर पळावं, बर्फ लावावा, बुटाचं वय बघावं. पण बोट ठेवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेवर दिसतोच असं नाही. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पळत राहू नये. उपजिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात हाडाच्या डॉक्टरला दाखवावं. वेदनेची गोळी खाऊन पळणारी पोरं महिन्याची दुखापत सहा महिन्यांवर नेतात.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगायला हवं. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला, त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत जोराचा सराव सकाळी आठच्या आत संपवावा. पळायला जायच्या आधी पाणी प्यावं, रिकाम्या पोटी केवळ चहावर पळू नये. पळताना घाम यायचा थांबला, अंगावर शहारे आले, बोलणं अडखळायला लागलं की तिथंच थांबायचं. सोबतच्यांनी त्याला सावलीत आडवं करून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं चालूच ठेवायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.